रविवारची मावशी

सोलापूर,
८ जानेवारी २०२५

दिपककाका, जयभीम.

मी तुम्हाला दोनदा फोन केला. पहिल्यांदा "सोलापूरहून बोलतेय" एवढंच म्हटलं आणि तुम्ही ठेवलात. दुसऱ्यांदा उचललाच नाहीत. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस निदान दोन ओळी वाचतो, असा माझा अंदाज आहे.

मी प्रतिक्षा, तुमच्या थोरल्या भावाची, जालिंदर शिवशरण यांची मुलगी. तुम्ही मला एकदाच पाहिलं आहे. आजोबा वारल्यावर त्यांच्या जलदान विधीला आलात तेव्हा मी वर्षाची होते. तुम्ही जेवायला न थांबता गेलात. तेव्हापासून आपल्या घरात तुमचं नाव कोणी काढत नाही. शिधापत्रिकेवरून मात्र ते कोणी कमी करू दिलेलं नाही. रेशन दुकानदार दरवर्षी विचारतो, आणि आजी दरवर्षी त्याला झापते.

पत्ता धुळामामांनी दिला. बालगृहात ज्यांची सतरंजी तुमच्या शेजारी असायची, ते धुळा. आता ते मंगळवेढ्याला दुधाचं संकलन केंद्र चालवतात. म्हणाले, "गुजरातेत गांधीधामला ट्रकच्या बॉड्या वेल्डिंग करतोय. कुणासंगं बोलत न्हाय, पर काम एक नंबर."

कारण सांगते. त्या बालगृहात १९९० ते २००५ या काळात राहिलेल्या मुलांचं काय झालं, कुणी केलं आणि कुणाला माहीत होतं, हे शोधायला सरकारने चौकशी आयोग नेमला आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई आहेत. कार्यालय सात रस्त्याला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. साक्ष द्यायची मुदत ३१ मार्च.

काका, तुम्ही या. इथे खरंच ऐकून घेतात. बाई कुणाला घाई करत नाहीत. साक्ष झाली की ती पूर्ण वाचून दाखवतात, चुकलं असेल ते दुरुस्त करतात, मगच सही घेतात. मी स्वतः पाहिलं आहे.

घरी सगळे ठीक. पप्पांची रिक्षा चालू आहे. आजीचे गुडघे दुखतात, तोंड नाही.

तुमची पुतणी,
प्रतिक्षा


सोलापूर,
२७ जानेवारी २०२५

दिपककाका, जयभीम.

"मी स्वतः पाहिलं आहे" असं मी लिहिलं, पण कसं पाहिलं ते लिहिलं नाही. हे बरोबर झालं नाही. आता सरळ लिहिते.

मी त्या आयोगात टंकलेखक आहे, कंत्राटी. बी.ए. झाले, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि पहिल्याच अर्जाला ही नोकरी लागली. घरातली पहिली पदवीधर म्हणून पप्पांनी गल्लीत पेढे वाटले, आणि रात्री जेवताना म्हणाले, "पहिला पदवीधर दिपकच व्हायचा व्हता." मग उठून हात धुवायला गेले. त्यांच्या तोंडून तुमचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आयोगाला बालगृहाची जुनी दाखल-वही मिळाली होती. ती संगणकावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. त्या वहीत सगळ्यांची जन्मतारीख एक जून आणि सगळ्यांच्या पुढे "आई मयत, वडील मयत." तेच तेच किती वेळा टाईप करायचं, म्हणून मी ते शब्द एकदा उचलून खाली खाली चिकटवत गेले. एकशे बाराव्या ओळीलाही चिकटवले. मग नाव वाचलं. दिपक बाळासो शिवशरण. दाखल करणार, मावशी, मीनाबाई.

मीनाबाईने त्याच सकाळी मला डबा बांधून दिला होता.

संध्याकाळी आजी मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "आजी, दिपककाकांची मावशी कोण गं?"

"मला भैनच न्हाय, तर मावशी कुटनं येणार?"

"मग बालगृहाच्या वहीत मावशी म्हणून अंगठा कुणाचा आहे?"

तिचा हात थांबला. "तुला वही कुणी दावली? नोकरी लागली ती असली व्हय? आपल्याच घराची झडती घ्यायची?"

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी आपणहून बोलायला लागली. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत असणार, पण तिच्या बाजूने ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

१९९४ साली मार्केट यार्डात आजोबांच्या अंगावर पोत्यांची थप्पी कोसळली आणि त्यांचे पाय गेले. पप्पा चौदा वर्षांचे, त्यांना गॅरेजात घातलं. तुम्ही आठ वर्षांचे आणि वर्गात पहिले. कुणीतरी आजीला बालगृहाचं सांगितलं. दोन वेळचं जेवण, दहावीपर्यंत शाळा. तिथले अधीक्षक, ज्यांना तुम्ही पोरं मोठे सर म्हणायचात, ते म्हणाले, "आई-बाप असलेल्या पोराला इथं जागा नाही. उद्या मावशी होऊन या." दुसऱ्या दिवशी आजी तेच लुगडं नेसून गेली आणि मावशी झाली. तिने अंगठा दिला आणि मोठ्या सरांनी कागदावर तिला आणि आजोबांना मारून टाकलं.

दर रविवारी ती पॅसेंजरने जेऊरला उतरून पुढे चालत यायची. चारचौघांत तुम्ही तिला मावशी म्हणायचं असं ठरलेलं. एकदा चुकून "आई" म्हणालात, तर त्या आठवड्यात तुम्हाला धान्याच्या कोठीत कोंडलं. हे तिला पुढच्या रविवारी कळलं. तुम्ही दहा वर्षांचे असताना पाठीवरचा पळीचा चटका तिला दाखवलात. ती थेट मोठ्या सरांकडे गेली. त्यांनी कपाटातून तुमची फाईल काढली आणि म्हणाले, "मेलेली बाई तक्रार करती? कर की. पोलिसांना मीच बोलावतो. खोटा कागद करून सरकारला फसवलं म्हणून नवरा-बायको दोघं आत जाल. मग पोरगं खरंच अनाथ."

ती परत आली. पुढच्या रविवारी पुन्हा मावशी म्हणून गेली.

आजोबांच्या जलदान विधीला तुम्ही म्हणालात म्हणे, "हा माणूस नऊ वर्षांपूर्वीच मेलाय, कागद बघा." त्या वाक्याचा अर्थ घरात आजी सोडून कुणालाच कळला नव्हता. पप्पांना आत्ता कळला.

मी तिला म्हटलं, आजी, तू आयोगापुढे हे सांग. तर म्हणाली, "मेलेल्या माणसाची साक्ष कोण घेतंय?" मी समजावलं, की आयोगापुढे दिलेला जबाब साक्षीदारावरच उलटवून खटला भरता येत नाही, कायद्यातच तसं आहे. ती म्हणाली, "कायदा तवा बी व्हता की."

याचं उत्तर मी शोधणार आहे.

प्रतिक्षा


सोलापूर,
१४ फेब्रुवारी २०२५

दिपककाका,

तुमचं उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे ते तुमच्याकडे आहे असं मी धरते.

आता साक्षी उघडपणे चालू आहेत. परवा धुळामामांची झाली. आत ते काय बोलले ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. बाहेर आले तेव्हा जिन्यात बसून त्यांनी दोन चहा घेतले आणि मला म्हणाले, "पोरी, तीस वर्सं वाटायचं की ह्ये बोललो तर मरंन. काय झालं? चा पितोय."

पण बालगृह चालवणाऱ्या संस्थेच्या वकिलांनी त्या दिवशी एक मुद्दा मांडला. पंधरा वर्षांत एकाही पालकाची, एकाही नातेवाइकाची लेखी तक्रार नाही. मुलांना असं छळत असते तर घरचे गप्प बसले असते का? का नाही केली कुणी तक्रार? आज तीस वर्षांनी एकाएकी बरं आठवलं.

हे सगळं मी टाईप करत होते. माझं काम शब्द जसेच्या तसे उतरवायचं, म्हणून एकही अक्षर न गाळता उतरवलं. उत्तर मला माहीत होतं आणि बोलायचा अधिकार मला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत मी बाईंकडे गेले. सांगितलं की एकशे बाराव्या ओळीतला मुलगा माझा सख्खा काका आहे, आणि मी त्यांना दोन पत्रं लिहिली आहेत. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या साक्षीदारांनी काय सांगितलं ते लिहिलंत?"

"नाही."

"काय सांगायचं ते शिकवलंत?"

"नाही, बाई. फक्त या म्हटलं."

"हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. उद्यापासून साक्षीच्या टेबलावर बसायचं नाही. दाखल-वहीला हात लावायचा नाही."

आता मी आवक-जावकला आहे. पाकिटं फोडते, शिक्के मारते. पप्पा म्हणाले, "झाली बॅरिस्टर! टेबल गेलं. अजून एक पत्र लिही, खुर्ची बी जाईल." मी त्यांच्यासमोर बसूनच हे पत्र लिहिते आहे.

मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. नियम मोडला होता तो मी मोडला होता, आणि सांगितला. आता मी फक्त तुमची पुतणी आहे आणि घरच्या माणसाला पत्र लिहिते आहे.

वकिलांच्या प्रश्नाचं उत्तर आजीकडे आहे. तक्रार करायला आलेल्या आईला तू कागदावर मेलीस असं सांगून परत पाठवलं, हे ऐकलं की तो मुद्दा उभाच राहत नाही. ती तयार होत नाही. तिला माझं पटत नाही, मी तिच्यासाठी अजून शाळेतली पोर आहे. तुम्ही एक शब्द टाकलात तर ती ऐकेल. एवढंच मागते.

प्रतिक्षा


सोलापूर,
४ मार्च २०२५

दिपककाका,

तुमचं पत्र मिळालं. दोनच वाक्यं. "आईला यात ओढू नका. मी येणार नाही."

खरं सांगायचं तर मी आधी चिडले. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि दोन दिवस घरी काही बोलले नाही. आजीला हे वाचून दाखवलं तर ती कायमची गप्प होईल, असं मला वाटलं. म्हणजे तुमचं पत्र मी तिच्यापासून लपवलं. मोठ्या सरांनीही तिने बोलायचं की नाही ते स्वतःच ठरवून फाईल कपाटात ठेवली होती. हे डोक्यात आलं तेव्हा उठले आणि वाचून दाखवलं.

ती भाकरी थापत होती. तवा तसाच राहू दिला.

"काय लिवलंय? परत वाच."

वाचलं.

"आईला?"

"होय."

"मावशीला न्हवं?"

"नाही, आजी. आईला."

भाकरी करपली. पप्पांनी गॅस बंद केला. आजीने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "तुज्या त्या बाईंना सांग, मी येते."

मी म्हटलं, "अगं, पण ते नको म्हणतात."

"तो नको म्हणतोय म्हणूनच की. ल्हान व्हता तवा बी माज्यासाठीच गप बसला. मी आत जाईन म्हणून. आता म्हातारा हुईस्तोवर गप बसवू का त्याला?"

पप्पा म्हणाले, "आये, वकील लई वाकडं विचारत्यात."

"इचारू दे. ह्या वयात मला आनि काय करनार? मारनार? एकदा मारलंय की."

आणि काका, ती हसली. आम्ही तिघंही हसलो.

तुमच्या इच्छेविरुद्ध हे होतं आहे, ते तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते. राग आला तर माझ्यावर काढा. पण तिला मी ओढलेलं नाही. ती माझ्या पुढे चालली आहे.

प्रतिक्षा


सोलापूर,
२१ मार्च २०२५

दिपककाका,

आजीची साक्ष परवा, बुधवारी झाली. मी टेबलावर नव्हते, मागच्या बाकावर पप्पांशेजारी होते. पप्पा रिक्षा खाली चष्म्याच्या दुकानासमोर लावून आले होते, दुकानदार वर येऊन दोनदा ओरडून गेला. शेवटी तोही दारात उभा राहून ऐकू लागला.

जिना चढायला आजीला दहा मिनिटं लागली. खुर्चीवर बसल्यावर बाईंनी तिला पाणी दिलं आणि मुलाशी नातं विचारलं.

"आई."

संस्थेच्या वकिलांनी वहीची प्रत दाखवली. "यात तुम्ही मावशी आहात. आई मयत लिहिलंय. हा अंगठा तुमचाच ना?"

"माजाच."

"मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

"तवा. तवा बोलले म्हणून तर हितं आले. खरं बोलले असते तर कशाला येत व्हते जिना चढून?"

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी वर पाहिलं आणि सगळे गप्प झाले.

मग तिने पॅसेंजर, रविवार, चटका, फाईल सगळं सांगितलं. मोठ्या सरांचं वाक्य तिने त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. वकिलांनी विचारलं, या बोलण्याला साक्षीदार कोण? ती म्हणाली, "दारात माजं पोरगं हुबं व्हतं."

तुम्ही तिथे होतात, हे तिने मला घरी सांगितलं नव्हतं. आणि त्यापुढे तिने जे सांगितलं, तेही नाही. साक्ष संपली असं वाटत होतं, बाईंनी विचारलं, अजून काही सांगायचंय का? आजीने उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग बोलली.

हा भाग मी माझ्या शब्दांत लिहिणार होते. ती म्हणाली, तू नको, मी सांगते तसं लिही. तर हे तिचे शब्द.

"दिपक. मोट्या सरांच्या खोलीतनं भायेर आले तवा तू मला काय इचारलं ते तुला याद आसंल. तू म्हनलास, आई, घरी न्हेतीस? मी म्हनले, शर्ट घाल, कुनी बघंल. दुसरं कायबी बोलले न्हाय. जेऊरला येऊन गाडीत बसले. कागद त्यानं केला, पर ह्ये माजं हाय. ह्येला मोटा सर न्हवता. मी तुला न्ह्यायला पायजे व्हतं. जेलात गेले असते तर गेले असते. ह्ये मी बाईंपुडं सांगितलं, समद्यांपुडं. तू तितं न्हवतास म्हनून तुला सांगते. माफी मागत न्हाय, ती देनं तुला जड जाईल. खरं काय ते सांगितलं."

हे सांगताना ती रडली नाही. पप्पा रडले.

साक्ष वाचून दाखवली गेली. आजीने एक दुरुस्ती सांगितली. टंकलेखिकेने "मुलगा गप्प होता" असं लिहिलं होतं. आजी म्हणाली, "गप न्हवता. इचारत व्हता. त्ये लिवा." ते लिहून घेतलं, मग तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. आज सकाळी मी शिक्के मारत बसले होते तर जिन्यात काठ्यांचे आवाज. दोन म्हाताऱ्या आणि एक म्हातारे आजोबा. एक अक्कलकोटकडच्या, नागव्वा. निम्मं कानडीत, निम्मं मराठीत बोलत होत्या. त्यांनी मला विचारलं, "मेल्याली मानसं कुठल्या खोलीत बसतात?" मी म्हटलं, कोण मेलंय? म्हणाल्या, "आम्ही की! मी आत्या झाले व्हते. ह्ये आजोबा शेजारी झाले व्हते."

काका, मी तिघांना आत नेलं आणि बाईंच्या टेबलासमोर बसवलं. मला कुणी थांबवलं नाही. दुपारी आदेश निघाला. पालकांच्या साक्षींसाठी आणि राहिलेल्या मुलांसाठी मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढवली. तो आदेश आवक-जावकमध्ये मीच नोंदवला.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला "या" म्हटलं होतं ते आयोगासाठी होतं. मला वाटायचं, तुम्ही आलात तर सत्याचा विजय होईल वगैरे. पदवीच्या वर्षात अशी वाक्यं मी खूप लिहिली आहेत, आणि अजूनही मला ती खरी वाटतात. पण आयोगाचं काम आता तुमच्यावाचून अडलेलं नाही. वकिलांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं आहे. तेव्हा तुम्ही न आलात तरी चालेल. बोलायचं की नाही हे कुणीही न ढकलता, कुणालाही न वाचवता तुम्ही एकट्याने ठरवायचं आहे. तेवढी मोकळीक तुम्हाला लहानपणापासून कुणी दिलीच नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

आजी शेंगाची चटणी पाठवायची म्हणते. पाकिटात बसत नाही म्हटलं तर म्हणाली, "मग पाकीटच मोटं घे की, येडे." वेगळ्या पार्सलने पाठवली आहे.

प्रतिक्षा


सोलापूर,
११ एप्रिल २०२५

काका,

तुम्ही येतो म्हणालात, आणि हे पत्र पोचेल तोवर निघायच्या तयारीत असाल. तरी लिहिते, कारण फोनवर तुम्ही इतकं कमी बोलता की मलाच घाबरायला होतं, आणि मग मी भराभर काहीही बोलते.

तुमची वेळ २४ तारखेला सकाळी अकराची नोंदवली आहे. टेबलावर मी नसेन, नियम आहे. तुम्हाला हवं असेल तर मी त्या मजल्यावरही थांबणार नाही. बंद खोलीत साक्ष हवी असेल तर तसं आधी सांगायचं, बाई लगेच मान्य करतात. धुळामामा आदल्या दिवशी मंगळवेढ्याहून एस.टी.ने येणार आहेत, तुमची उतरायची सोय त्यांच्याच ओळखीच्या लॉजवर केली आहे. घरी या असं पप्पा म्हणत होते, मी त्यांना गप्प केलं. तुम्ही म्हणालात तसंच होईल.

पुण्याला गाडी बदलताना डबा मागचा घ्या, सोलापूरला बाहेर पडायला सोपं जातं.

स्टेशनवर कुणी येऊ नका, असं तुम्ही दोनदा सांगितलंत. पप्पा येणार नाहीत, मी येणार नाही. आजीला मी तुमचा निरोप शब्दशः सांगितला. तिने ऐकून घेतला, मान हलवली, आणि काल पप्पांना विचारत होती की पुण्याची गाडी कितव्या फलाटावर लागते.

प्रतिक्षा